लाल दिवा, निळा दिवा

२०२३ मध्ये पांढुर्णा छिंदवाड्यापासून वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्याच्या पदरात आलं. पाट्या बदलल्या, पण लाइट जुन्याच सवयीने जाते. म्हणून मोहल्ल्यात एखादा तरी माणूस जुन्या लॅपटॉपची बॅटरी उघडून आतले सेल काढत बसलेला दिसतो. आमच्या शेजारचे निवृत्त गुरुजी त्यातलेच. सेल बोटभर लांबीचा. १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, म्हणून नाव १८६५०. शेवटचं शून्य तो गोल आहे एवढं सांगायला.

"गुरुजी, मोबाइलचा चार्जर तोडून तार सरळ जोडली तर काहून नाही चालत?" एका संत्रावाल्याच्या पोराने विचारलं. त्याच्या फवारणी पंपाची बॅटरी मरून राह्यली होती आणि मृग बहार तोंडावर आला होता.

गुरुजींनी दगडफेकीच्या गोटमार जत्रेची गोष्ट काढली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या मधोमध पळस रोवतात, त्यावर झेंडा. इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव. सेलमध्येही असेच दोन काठ. चार्जिंगमध्ये लिथियमचे आयन एका काठावरून निघून समोरच्या ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात, मधे प्लास्टिकचा पातळ पडदा. ४.२ व्होल्टच्या पुढे रेटत राहिलं की ग्राफाइटवर धातूचं लिथियम साचतं, त्याचे काटे पडदा भेदतात आणि दोन्ही काठ भिडतात. मग आग.

"पण प्रोटेक्शन सर्किट असते नं त्यात?"

"गोटमारीला पोलीसही असतात, बाबू."

मग त्यांनी आपली करामत दाखवली. अंगठ्याएवढी निळी पाटी, वर टीपी४०५६ नावाची चिप. ती आधी ठरलेला करंट देते, ४.२ ला पोचली की व्होल्टेज तिथेच धरते, करंट दहाव्या हिश्श्यावर आला की थांबते. लाल दिवा विझून निळा लागतो. किती करंट द्यायचा ते शेजारचा मुंगीएवढा रेझिस्टर ठरवतो. त्यावर १२२ लिहिलेलं असतं, म्हणजे १२०० ओहम, करंट एक अँपिअर. गुरुजींनी तो काढून २००० ओहमचा लावलाय. करंट निम्म्याच्या आसपास, जुन्या सेलला पुरे. ही पाटी एकाच सेलसाठी. दोन सेल एकामागे एक लावून ८.४ व्होल्ट देणाऱ्यांची मला खरी धास्ती वाटते. एक सेल आधी भरतो, दुसऱ्यासाठी पहिल्याला ठासत राहायचं, असला तो न्याय.

या बॅटरीच्या जनकांपैकी जॉन गुडइनफ यांना २०१९ चं नोबेल मिळालं ते वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. गुरुजी सत्तरीत आहेत, त्यामुळे त्यांना घाई नाही. मे महिन्यात पत्र्याखाली पारा चढतो आणि पंचेचाळिसाच्या वर हे सेल चार्ज करायचे नसतात, म्हणून त्यांचं काम पहाटे, उघड्या फरशीवर, पडदे-गाद्यांपासून लांब. जवळ पेपर वाचत बसतात, उठत नाहीत.

जाताना पोराने खिशातून मोबाइलची फुगलेली बॅटरी काढली. "हे एकदा लावून तर पाहा."

गुरुजींनी ती अलगद घेतली, वाळूच्या डब्यात ठेवली आणि डबा अंगणाच्या पार टोकाला नेऊन ठेवला.

"लावा ना," आतून काकू म्हणाल्या, "पण तुमच्या घरी."