मेंटेनन्सची बिलं जावातून काढण्याची सोपी रीत

साहित्य : भाईंदर पूर्वेची एक सोसायटी, लिब्रेऑफिस, जावा, आणि वार्षिक सभेत ‘मी करून देतो ना’ बोलून बसलेले तुम्ही. खजिनदारकाका हीच बिलं कॅल्कमध्ये चहा निवायच्या आत काढतात, हे मनात आणू नका.

लिब्रेऑफिसच्या पोटात ‘युनो’ आहे, म्हणजे युनिव्हर्सल नेटवर्क ऑब्जेक्ट्स. जावा, पायथन, सी++, कशातूनही तिच्याशी बोला. विंडोज असो की लिनक्स, फरक पडत नाही. जार फायली क्लासपाथवर टाका. आतली सगळी नावं ‘कॉम.सन.स्टार’पासून सुरू होतात. सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलने घेतली, त्याच वर्षी लिब्रेऑफिसने वेगळी चूल मांडली. पाटी मात्र कोणी काढली नाही.

ऑफिसला एका पोर्टवर ऐकत ठेवा. उदाहरणांत बहुतेक वेळा २००२ असतो. आपली महानगरपालिकाही २००२ चीच, तेव्हा आकडा विसरणार नाही. दोन्हींचा संबंध इथेच संपला.

आता खरी गंमत. युनोतली वस्तू हाती आली तरी ती काय काय करते हे जावाला आपणहून कळत नाही. दर वेळी ‘क्वेरीइंटरफेस’ने विचारायचं. आमच्याकडे सेक्रेटरी आणि गणेशोत्सवाचे अध्यक्ष एकच गृहस्थ. वर्गणी देताना टँकरचं विचारलं तर म्हणतात, ‘ते सेक्रेटरीला विचारा.’ मग त्यांनाच ‘सेक्रेटरीसाहेब’ म्हणून पुन्हा हाक मारायची. तसंच इथे. डेस्कटॉपकडे एक्सकंपोनंटलोडर मागा, उघडलेल्या फाईलकडे एक्सस्प्रेडशीटडॉक्युमेंट, शीटांच्या यादीकडे एक्सइंडेक्सअ‍ॅक्सेस, मिळालेल्या शीटकडे एक्सस्प्रेडशीट. चार वेळा विचारलंत की एका चौकोनात एक आकडा लिहिता येतो. भलत्याकडे भलतं मागितलंत तर युनो रागावत नाही, मुकाट नल देते. बोंब पुढच्या ओळीत होते.

चौकोन सांगताना आधी रकाना, मग ओळ, आणि मोजणी शून्यापासून. उलटं केलंत तर ३०२ चा सिंकिंग फंड भलत्याच फ्लॅटच्या नावावर पडेल, आणि त्या फ्लॅटमध्ये नेमके निवृत्त ऑडिटर राहत असतील.

फाईल ‘हिडन’ उघडली असेल तर काम झाल्यावर एक्सक्लोजेबल मागून (हो, पुन्हा क्वेरीइंटरफेस) ती बंद करा. नाहीतर पडद्यावर काहीच दिसत नाही, आत ऑफिस चालूच. आणि रात्री खजिनदारकाका शेअर फोल्डरमधली तीच फाईल उघडायला गेले की ‘फाईल लॉक आहे’ या सूचनेखाली त्यांना तुमचं नाव दिसतं.