प्रभारी

हेडमास्तर म्हटलेलं त्यांना चालत नाही. "मी साधा शिक्षक. माझ्याकडे फक्त चार्ज आहे," असं ते म्हणतात. सूर असा की चार्ज म्हणजे कुणीतरी गावाला जाताना शेजाऱ्याच्या दारात बांधून गेलेली म्हैस. चारा घालायचा, शेण काढायचं, आणि मालक परत कधी येणार ते विचारायचं नाही.

नंदुरबार जिल्ह्यात धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडच्या कुठल्याही पाड्यावर जा, हे गृहस्थ भेटतातच. आमच्या नात्यात दोन आहेत, गल्लीत एक. कायद्यानं पाहिलं तर त्यांचं म्हणणं खरं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, आणि मुख्याध्यापक हवा तर पट १५० च्या वर पाहिजे. यांचा पट ३४. म्हणजे शाळेला मुख्याध्यापकच नाही. पण वरून येणाऱ्या प्रत्येक पत्रावर 'प्रति, मुख्याध्यापक' असतं आणि उत्तराखाली शिक्काही मुख्याध्यापकाचाच लागतो. मग दोघांत जो सेवेनं ज्येष्ठ, तो प्रभारी. ही ज्येष्ठता कधी कधी तीन महिन्यांची असते.

त्यांना ओळखायचं कसं? शर्टाच्या खिशात दोन पेन, एक निळं आणि एक लाल. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मोटारसायकलच्या डिकीत हजेरीपट, पावत्या आणि शिक्का, कारण शिक्का शाळेत ठेवला की साहेब नेमके रस्त्यात भेटतात. शाळेत रेंज नाही. रेंज आहे ती टेकाडावरच्या महूच्या झाडाखाली. दिवसातून दोनदा ते तिथे जाऊन उभे राहतात, हात वर करून, फोन आभाळाकडे धरून. मुलं त्या झाडाला 'ऑफिस' म्हणतात. "सर कुठं गेले?" "ऑफिसात." पाहुण्याला वाटतं, तालुक्याला गेले.

झाडाखाली फोन थरथरायला लागतो. केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, पोषण आहाराचा ग्रुप. 'अतितात्काळ. आज दुपारी १२ पर्यंत माहिती सादर करावी. माहिती निरंक असल्यास तसे कळवावे.' संदेश काल संध्याकाळचा, वाचतायत आज साडेबाराला. ते शांतपणे 'निरंक' पाठवतात आणि वर 'सादर' जोडतात. घरीही हीच भाषा. वहिनींनी विचारलं, "बाजारातून काय आणलं?" की, "निरंक." मग स्वतःच कपाळावर हात मारून म्हणतात, "आते काय करानं!"

कलम २७ त्यांना तोंडपाठ आहे. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढं सोडून शिक्षकाला शाळेबाहेरचं काम द्यायचं नाही, असं त्यात म्हटलंय. "मग सर, ओरड कशाची?" असं मी एकदा विचारलं. ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले की मी पहिलीत नापास झालेला पहिलाच मुलगा असावा. "अहो, निवडणूक संपते कुठे? मतदान एक दिवसाचं. मतदार यादी बारमाही." शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका, म्हणजे मॅडम, बीएलओ आहेत. त्या यादी घेऊन पाड्यापाड्यानं फिरत असतात तेव्हा चारही वर्ग प्रभारींकडे. पहिलीला चित्र काढायला सांगायचं, दुसरीला पाढे, तिसरीकडून चौथीचा गृहपाठ तपासून घ्यायचा. विशेष म्हणजे तिसरी तो फार कडक तपासते.

आधारचं तर बोलूच नये. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार आमच्या शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. तेव्हा जिल्ह्याची छाती फुगली होती. तिचं व्याज आमचे प्रभारी आजतागायत भरतायत. शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, म्हणजे यू-डायसमध्ये, मुलाचं नाव आधारशी जुळलं पाहिजे. आधारवर वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये एक कमी, आणि वडील स्वतःचं नाव तिसऱ्याच पद्धतीनं सांगतात. वर्गात अर्धे वसावे, उरलेले पाडवी आणि वळवी. त्यातही एकाच नावाचे दोघे, दोघांच्या वडिलांचंही नाव एकच. हजेरीत त्यांनी कंसात 'नाल्याकडचा' आणि 'टेकडीवरचा' असं लिहून वर्षानुवर्षं काम भागवलं होतं. संगणक मात्र नाला आणि टेकडी घेत नाही.

जन्मतारखेचा घोळ त्यांच्या गुरुजींनी करून ठेवलाय. जुन्या काळी आई-बाप तारीख सांगू शकत नसत. सांगितली तरी 'त्या साली पूर आला होता' अशी. मग गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पोचतो का ते बघत आणि सरसकट १ जून लिहून मोकळे होत. आमचे प्रभारी स्वतः १ जूनचेच. कागदावर अख्ख्या पिढीचा वाढदिवस एकाच दिवशी आणि निवृत्ती ३१ मेला. त्या गुरुजींकडे ना शिक्का, ना ग्रुप. तरी त्यांनी लिहिलेल्या तारखेवर माणसं नोकरीला लागली आणि पेन्शनीत निघाली. याला नेतृत्व म्हणायचं नाही तर कशाला!

नेतृत्वाचं प्रशिक्षणही प्रभारींनी घेतलंय. गट पाडले, चार्टपेपर वाटले, स्केचपेनं वाटली आणि 'शाळेचा नेता कोण?' यावर लिहायला सांगितलं. इतर गटांनी 'दूरदृष्टी', 'प्रेरणा' वगैरे लिहिलं, कडेनं फुलंही काढली. यांच्या गटानं लिहिलं, 'ज्याच्याकडे धान्याच्या खोलीची किल्ली असते तो.' सुलभकांनी टाळ्या वाजवल्या. यांना वाटलं चेष्टा करतायत, कारण त्यांनी ते मनापासून लिहिलं होतं.

खिचडी हा त्यांच्या कारभाराचा गाभा. मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची आणि चव नोंदवहीत अभिप्राय लिहायचा. ते मावशींच्या पातेल्यातून चमचाभर घेतात, डोळे मिटतात आणि लिहितात, 'उत्तम.' वर्षानुवर्षं 'उत्तम.' एकदा मीठ दोनदा पडलं, त्या दिवशी 'रुचकर' लिहिलं. तो त्यांच्या मते कडक शेरा होता. लग्नाच्या पंगतीतही हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे जातो, आणि भात किती मापाचा असेल, हे ते न विचारता सांगतात.

या माणसाचा कधी कधी वैताग येतो. गप्पा कशाच्याही चालू असोत, त्या तांदळाच्या शिल्लक गोण्यांवर येतातच. पण दिवाळीनंतर बघा. ऊसतोडीला गुजरातकडे निघालेल्या गाड्या भरायला लागल्या की प्रभारी संध्याकाळी पाड्यावर दिसतात. कधीकाळी शहाद्याकडून येताना त्यांना इथल्या बोलीचा एक शब्द येत नव्हता. आता ते म्हाताऱ्यांशी भिलीत भांडतात. "आजी, नात माझ्याकडे ठेव, खायला शाळा घालते." आजी म्हणते, रात्री काय घालते तुझी शाळा? यावर त्यांच्याकडे परिपत्रक नसतं. तरी दोन-तीन पोरं राहतात. रात्रीचं कसं भागतं, हे कुठल्याच नोंदवहीत नाही. होळीला गाड्या परत येतात. चाचणी होळीनंतर ठेवायची, एवढा एक निर्णय ते कुणालाही न विचारता घेतात.

२०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचा विचार पुढे आला आणि दाखला दिला गेला तो आमच्याच तोरणमाळचा. तेव्हापासून त्यांना आणखी एक सवय लागलीय. गावात पाळणा हलला की ते हजर. बाळाला बघतात, बोटांवर हिशेब करतात आणि आईला म्हणतात, "सहा वर्षांनी पहिली. दुसरीकडे नाव घालायचं नाही हं." अंगणवाडीच्या ताईंकडून ते लसीकरणाची यादी जातीनं मागून घेतात. ताईंना वाटतं, सरांना आरोग्याची फार काळजी.

मागे एक साहेब अचानक तपासणीला आले. प्रभारी टेकाडावर 'ऑफिसात'. साहेबांनी तिसरीतल्या एका मुलाला विचारलं, "तुमच्या शाळेचे मुख्याध्यापक कोण?" पोरानं क्षणभर विचार केला आणि चुलीकडे बोट दाखवलं. मावशी भात ढवळत होत्या. तेवढ्यात धापा टाकत प्रभारी आले. झालेलं ऐकून त्यांना राग नाही, लाज नाही. म्हणाले, "बरोबर आहे साहेब. मी रजेवर गेलो तर शाळा भरते. मावशी गेल्या तर अर्ध्या सुट्टीनंतर कोण थांबतंय?" साहेब हसले आणि शेरा लिहायला शेरेबुक मागितलं. शेरेबुक मॅडमच्या कपाटात, कपाटाची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये, आणि मॅडम यादी घेऊन नाल्यापलीकडे.