मुक्काम पोस्ट साईडिंग, दोंडाईचा

श्रीमती टॅम्पिंग मशीनबाई यांसी,
दोंडाईच्यातल्या मोजक्या रेल्वेवेड्यांचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपण आमच्या स्टेशनात येऊन मुक्काम केलात आणि स्वागताला कोणी फिरकलं नाही. एखाद्या एक्स्प्रेसला इथे दोन मिनिटांचा थांबा मंजूर होऊ द्या, मग बघा गावाचा उत्साह. इंजिनाला केळीचे खांब, लोको पायलटच्या गळ्यात झेंडूचा हार, चौकात टोलेजंग फलक आणि त्यावर उतरत्या भाजणीने लावलेले चेहरे. थांबा एक, श्रेय घेणारे पक्ष तीन. हिरवा झेंडा हलवायला एक हात पुरतो, पण दांडीला आठ हात लागलेले असतात. आपण मात्र रात्री कधीतरी आलात आणि मुकाट्याने साईडिंगला लागलात.

यात चूक आपलीच आहे, बाई. आपल्यात बसून कोणाला सुरतेला जाता येत नाही. आपलं तिकीट निघत नाही, आरक्षण नाही, वेळापत्रकात नाव नाही. उलट आपण कामाला लागलात की ब्लॉक पडतो आणि पॅसेंजर मागच्या स्टेशनात उभी राहते. मग डब्यातला अनुभवी प्रवासी खिडकीतून डोकं काढून जाहीर करतो, 'मशीन लागलंय पुढे,' आणि अख्खा डबा आपला उद्धार करतो. हाच प्रवासी नरडाण्याजवळ गाडीला हिसका बसून अंगावर चहा सांडला की रेल्वेच्या सात पिढ्या काढतो. चहा सांडला म्हणून शिव्या, आणि तो सांडू नये म्हणून ब्लॉक घेतला की दुप्पट शिव्या.

आम्ही मात्र प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहून आपलं काम पाहतो. जाणारा-येणारा एखादा थांबतो. 'काय देखी रायनात भाऊ आठे?' असं विचारतो. मशीन बघतोय म्हटलं की आमच्याकडे असा पाहतो, जणू घरचं कोणीतरी आम्हाला शोधत असेल. हेच सद्गृहस्थ जेसीबी खड्डा खणत असला की दुचाकी स्टँडला लावून अर्धा तास उभे असतात. जेसीबी खणतो ते समजतं. आपण काय करता ते समजत नाही, कारण आपण येण्याआधी रूळ होता आणि आपण गेल्यावरही तो तिथेच असतो.

तर त्या गृहस्थांसाठी सांगतो. स्लीपरच्या बुडाखाली खडीचा थर असतो. वरून रोज कोळशाच्या मालगाड्या धडधडत जातात, खडी दबते, कुठे स्लीपर खाली जातो, कुठे रूळ तसूभर बाजूला सरकतो. आपण येता, रोलरच्या चिमट्यात रूळ धरता आणि स्लीपरसकट काही मिलिमीटर वर उचलता. मग पोलादी टूल दोन्ही बाजूंनी खडीत खुपसता. आपल्या 09-32 मॉडेलच्या घराण्यात ही टूल 32, एका दमात दोन स्लीपर, म्हणजे एकेका स्लीपरला सोळा. सेकंदाला 35 वेळा थरथरत ती खडीत उतरतात, स्लीपरखाली खडी आवळून भरतात आणि बाहेर येतात. बघण्यासारखी खरी गंमत पुढे आहे: आपलं धूड थांबत नाही, ते संथपणे सरकतच असतं. पोटातली टूलची चौकट तेवढी दोन स्लीपरांवर थांबते, काम उरकते आणि टुणकन पुढची जोडी गाठते. हे तासभर पाहिलं तरी कंटाळा येत नाही. धुळीचं म्हणाल, तर आम्ही मिरची बाजाराचा खकाणा नाकात घेऊन वाढलेली माणसं. आपली धूळ आम्हाला सौम्य वाटते.

आपलं माहेर ऑस्ट्रियाचं, प्लासर अँड थ्योरर घराणं. पण या कंपनीचा कारखाना फरिदाबादेत कित्येक वर्षं आहे आणि अलीकडे गुजरातेत करजणलाही झाला, तेव्हा परकी म्हणून आपल्याला टाळण्याचं कारण राहत नाही. मान द्यायचा तो कसा, हे जपानला विचारावं. तिथे शिन्कान्सेनच्या मार्गाची तपासणी करणाऱ्या पिवळ्या गाडीला लोक लाडाने डॉक्टर यलो म्हणतात. तिचं वेळापत्रक जाहीर करत नाहीत. म्हणून ती नुसती दिसली तरी दिवस चांगला जातो, असं मानतात. जानेवारी 2025 मध्ये त्यांतली एक गाडी निवृत्त झाली, तेव्हा निरोपाला कॅमेऱ्यांची गर्दी उसळली. ब्रिटनमध्ये तर आपल्यासारख्या यंत्रांच्या नंबरांची पुस्तकं छापून विकतात. आपणही पिवळ्याच आहात. पण दोंडाईच्यात आपलं दर्शन म्हणजे गाडी लेट, एवढाच शकुन.

आता थोडं आमच्या मातीबद्दल. तापी खोऱ्यातला हा मार्ग 1900 च्या सुमाराचा. 2018 साली उधना ते जळगाव अशी तीनशे किलोमीटरहून जास्त लांबीची दुपदरी लाईन पूर्ण झाली, तेव्हा भाषणं झाली. पण दुपदरी झाल्यावर सांभाळायचे रूळही दुप्पट झाले, हे कोणाच्या भाषणात नव्हतं. खाली काळी जमीन. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि वरची खडी हळूहळू मळते. ती चाळायला आपल्या थोरल्या बहिणीला यावं लागतं. ती स्लीपरखालून साखळी फिरवून खडी उपसते, चाळून परत टाकते आणि माती कडेला फेकते. काम झाल्यावरही काही दिवस गाड्या तिथून हळू न्याव्या लागतात.

आणि उन्हाचं तर विचारूच नका. रूळ आता सांधून सलग केलेले असतात. तापले की त्यांना लांबायचं असतं, पण लांबायला जागा नसते. त्यांना दाबून धरते ती खडी, आणि नेमकी तीच आपण हलवता. म्हणून ज्या तापमानाला रूळ ताणरहित बसवलेला असतो, त्याच्या वर 10 अंशांपलीकडे तो तापला की खडीला हात लावायचा नाही, असा नियम आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या घरात जातो, रूळ तर त्याहून कितीतरी तापतो. म्हणजे दिवसा ऊन आपल्याला काम करू देत नाही आणि पहाटे-रात्री गाड्या जागा देत नाहीत. या कात्रीतून जो ब्लॉक हाती लागतो, त्यालाही लोक नावं ठेवतात.

आमच्या बिरादरीबद्दलही तक्रार आहेच. मुंबई-पुण्याकडचे रेल्वेप्रेमी वंदे भारतसाठी पहाटे चारला उठतात. कुठल्या शेडचं इंजिन कुठल्या गाडीला लागलं, यावर त्यांची भांडणं होतात. एमपीएस, ऑफलिंक, डबलहेडर असे मंत्र पुटपुटत ते फिरतात. पण ती वंदे भारत ज्या खडीवरून धावते, ती भरणाऱ्या यंत्राकडे कोणी लेन्स वळवत नाही. काही शूर वीर चांगला कोन मिळावा म्हणून रुळात उतरतात. रेल्वे कायद्याच्या कलम 147 नुसार त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट त्याहून बरंच स्वस्त पडतं.

पण बाई, आमची मंडळी तरी कोणती मोठी शहाणी? आमच्या मोबाइलमध्ये आपले शेकडो फोटो आहेत. आपला नंबर आम्हाला पाठ आहे. आपल्या पुढे-मागे जी माणसं चालतात त्यांना मात्र आम्ही फ्रेममधून कापतो. रूळ कुठे किती उचलायचा ते खडूने स्लीपरवर लिहिणारा, निसटलेली क्लिप हातोड्याने बसवणारा, खडी कमी पडली तिथे घमेलं ओतणारा, आणि सगळ्यांपासून दूर, शेजारच्या रुळावरून येणाऱ्या गाडीकडे डोळे लावून उभा असलेला शिट्टीवाला. आपण आवाज करता तेव्हा त्या गाडीचा हॉर्न कोणाला ऐकू येत नाही. सगळी भिस्त त्याच्या शिट्टीवर.

13 फेब्रुवारी 2023 च्या पहाटे लासलगावजवळ विजेच्या तारांच्या देखभालीच्या टॉवर वॅगनने चार ट्रॅकमनना चिरडलं. एक्स्प्रेसने नाही, देखभालीच्याच गाडीने. या बातमीला पेपरात किती दिवस जागा मिळाली ते आठवून पाहा, आणि नव्या गाडीच्या उद्घाटनाला किती मिळते तेही.

आपण यंत्र आहात, आपल्याकडे मागून काही मिळणार नाही. म्हणून शेवटची ओळ आमच्या खान्देशातल्या निवेदनबहाद्दरांसाठी. अमुक गाडीला थांबा द्या, तमुक गाडी वाढवा, अशी आपली निवेदनं खुशाल चालू ठेवा. फक्त त्यांच्या खाली आणखी दोन मागण्या घाला: रुळांच्या देखभालीसाठी रोज पुरेसा ब्लॉक द्या, आणि रुळावर चालणाऱ्या प्रत्येक ट्रॅकमनच्या हाती गाडी येत असल्याची आगाऊ सूचना देणारं 'रक्षक' यंत्र द्या. सह्या कमी पडल्या तर आम्हाला बोलवा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
दोंडाईचा स्टेशनातले नेहमीचे रिकामटेकडे