हवा जास्त, पेट्रोल कमी

तुमच्याही ओळखीत असा एक असणारच. गाडी कोणाचीही असो, न विचारता तिच्याशेजारी उकिडवं बसून कान लावणारा. जुन्या जालन्यात आम्ही त्याला ट्यूनिंगभाऊ म्हणतो. दुकान हार्डवेअरचं, पण जीव गांधी चमनच्या चौकात. गिऱ्हाईक खिळे मागत उभं असतं आणि हा रस्त्यावरून गेलेल्या बुलेटचं निदान सांगत असतो, “हवा जास्त खायलीय. पेट्रोल कमी पडायलंय.”

परवा गल्लीतल्या एका पोरानं जुन्या बुलेटला पंजाब सायलेंसर बसवला. तो अजून दोस्तांना आवाज ऐकवत होता, तोवर भाऊ प्लगपाना घेऊन हजर. प्लग काढला, उन्हात धरला.

“पांढरा पडलाय बघ. बिस्किटासारखा तांबूस पाहिजे. नळी मोकळी केलीस, इंजिन हवा जास्त ओढायलंय, अन् पेट्रोल सोडणारा जेट तोच जुना. एक दिवस तापून पिस्टन धरंल.”

“पण भाऊ, फटाके कसले वाजायलेत!”

“फटाके न्हाईत ते. इंजिनात जळायचं पेट्रोल नळीत जाऊन पेटायलंय. पैसे तुझे, चैन सायलेंसरची.”

मग कार्बोरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा, सुईची क्लिप एक खाच खाली, हवेचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे. दर बदलानंतर चक्कर मारायची, प्लग काढायचा, रंग बघायचा. संध्याकाळी पोराला गाडी परत मिळाली. फटाके गेले, पिकअप आला. पोराचं तोंड मात्र उतरलं, कारण त्यानं सायलेंसर घेतला होता तो फटाक्यांसाठीच.

इथवर आम्ही सहन केलं असतं. पण भाऊचं निदान गाड्यांपुरतं राहत नाही. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याचा घोट घेतला की, “हवा जास्त.” भाचीला स्थळ आलं; मुलगा अर्धा तास स्वतःबद्दल बोलला. तो जिन्यावर असतानाच भाऊनं निकाल दिला, “पेट्रोल कमी.” माझा एक लेख कौतुकानं वाचायला दिला, तर तो न बोलता परत आला; समासात पेन्सिलीनं दोनच शब्द होते. कोणते ते सांगत नाही. 2023 साली आमच्या नगरपालिकेची महानगरपालिका झाली तेव्हा चौकात सगळे खुशीत. भाऊनं तेवढंच विचारलं, “सायलेंसर नवा बसला. जेट बदलला का?”

मोठ्या आवाजाचा त्याला शौक असेल असं वाटेल, पण नाही. 175 सीसीवरच्या मोटारसायकलला 80 डेसिबलची मर्यादा आहे, हे त्याला पाठ. कुठल्याशा शहरात पोलिसांनी जप्त सायलेंसर रोडरोलरखाली चिरडल्याचा व्हिडिओ आला, तो त्यानं समाधानानं पाहिला. “आवाज गेला. पण त्या पोरांचे जेट?” त्याची स्वतःची आरएक्स 100, कंपनीनं 1996 साली बंद केलेली, आजही मूळ सायलेंसरवर आहे. टू-स्ट्रोकची नळी म्हणजे अर्धं इंजिनच, असं तो सांगतो. तिच्या फुगीर पोटातून उलटलेला दाबच बाहेर निसटणारं ताजं मिश्रण परत आत ढकलतो. ती नळी कापणाऱ्याशी तो बोलत नाही.

आता कबूल करायलाच हवं. त्याला दिवसा हसणारी पोरं गाडी बंद पडली की रात्री त्याच्याच दारात येतात. तो बनियनवर बाहेर येतो, टॉर्च दातात धरतो आणि एक रुपया घेत नाही. पण हल्ली ती कमी येतात. एप्रिल 2020 पासूनच्या बहुतेक नव्या गाड्यांना कार्बोरेटर नाही, त्यामुळे जेट नाही, खाच नाही. ट्यूनिंग करायचं तर लॅपटॉप लागतो. त्या गाड्यांशेजारी भाऊ बसतो खरा, पण हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरला लावायला जागा सापडत नाही. मलाच अवघडल्यासारखं होतं.

परवा एका पोरानं ऐकवलं, “भाऊ, आता सेन्सर धूर हुंगून पेट्रोल आपोआप जमवतो.”

भाऊनं कुठून तरी माहिती काढली होती. “जमवतो, पण संथ चालवलं तर. पूर्ण पिळल्यावर सेन्सरला कोण विचारतंय? तिथं आधी भरून दिलेलाच हिशोब चालतो. म्हंजे नळी मोकळी केली असंल, तर कंप्युटर असला तरी जोर आला की हवा जास्तच.”

आणि तो चौकात लागलेल्या नेत्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सकडे बघत बसला.