कृष्णविवर सापडेल, वीजबिल नाही

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहतेय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, 2023मध्ये केंद्राने मंजूर केलेले 2600 कोटी. कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं धडकली, त्याची थरथर ट्रकांच्या धडधडीतून निवडून काढायची. भुजांची हालचाल किती? प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही बारीक.

त्याच हिंगोली जिल्ह्यात मला ई-मेलच्या ढिगातून विजेचं बिल निवडता येत नाही. परदेशातली कुणी विधवा कोट्यवधींचा वारसा देऊ करते, न मागितलेलं कर्ज मंजूर होतं. ‘अनसबस्क्राइब’ दाबावं, तर पत्ता जिवंत असल्याची खात्री पटून आणखी दहा येतात. आणि बँकेचं खरं पत्र हमखास ‘स्पॅम’मध्ये, विधवाबाई मात्र मानाच्या पाटावर.

हा स्पॅमचा उद्योग 3 मे 1978चा. गॅरी थुर्क नावाच्या विक्रेत्याने अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सुमारे 400 जणांना संगणकाची जाहिरात धाडली. आमचा जिल्हा 1 मे 1999चा. म्हणजे कचरा आमच्याहून 21 वर्षांनी थोरला. त्याला ‘अहो’च म्हणायला हवं.

वेधशाळा सुरू झाली की अर्ज करणार आहे: कृष्णविवरांचं आटोपलं की तुमची चाळण दोन दिवस उसनी द्या. अर्ज ई-मेलनेच मागवतील, एवढीच धास्ती.