चौदा इंचांचा संसार

माझ्या लॅपटॉपच्या पोटावर एक स्टिकर आहे. बारकोड, खाली लांबलचक नंबर आणि त्याखाली इंग्रजीत ताकीद : ही वस्तू परवानगीशिवाय इमारतीबाहेर नेऊ नये. इमारत बंगळुरूतली कुठलीशी. वस्तू सध्या डोंबिवलीत, जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी आहे. मोठ्या कंपन्या लॅपटॉप तीन-चार वर्षांच्या करारावर घेतात. करार संपला की ते शेकड्यांनी व्यापाऱ्यांकडे जातात आणि तिथून पुसूनपासून माझ्यासारख्यांकडे येतात. थोडक्यात, हा गृहस्थ नोकरीतून रीतसर निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आला आहे. पेन्शन मात्र त्याला नाही, तो खर्च मी करतो.

थिंकपॅड टी४२०, साल २०११. काळा, चौकोनी, चौदा इंची पडद्याचा, वजनाला दोन किलोंच्या वर. थिंकपॅड हे घराणं आयबीएमने १९९२ साली सुरू केलं आणि २००५ साली आपला पीसीचा सगळा धंदाच लेनोवोला विकला, तेव्हा तेही त्याबरोबर गेलं. हा काळा ठोकळा ज्याने बेतला तो रिचर्ड सॅपर नावाचा जर्मन डिझायनर. त्याला ही कल्पना जपानी बेंतो डब्यावरून सुचली. म्हणजे मुळात हा जेवणाचाच डबा. तो आमच्या जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसतो यात वावगं काहीच नाही, हे मी घरात अनेकदा सांगून पाहिलं आहे. थिंकपॅड अंतराळ स्थानकावरही गेले आहेत, हेही सांगितलं. त्यावर बायको म्हणाली, "मग तुमचा निदान बेडरूमपर्यंत तरी न्या. पानं घ्यायचीयत."

या मशीनचा कीबोर्ड सात ओळींचा आहे. २०१२ साली आलेल्या पुढच्या पिढीत सहाच ओळी उरल्या आणि बटणं चपटी, सुटी-सुटी झाली. माझ्या कीबोर्डावर एस्केप आणि डिलीट ही दोन बटणं बाकीच्यांपेक्षा दुप्पट उंच आहेत. लोक कुठली बटणं जास्त दाबतात याचा अभ्यास करून कंपनीने ती मोठी केली म्हणे. लेखकाला डिलीटची गरज जास्त असते हे संपादकांना पहिल्यापासून माहीत होतं. कारखान्यापर्यंत ते उशिरा पोचलं, एवढंच. कीबोर्डावर चहा सांडला तर तो आतल्या पन्हळीतून खाली वाहून जावा म्हणून तळाला भोकं ठेवली आहेत. पडद्याच्या वरच्या कडेला एक चिमुकला दिवाही आहे. तो कीबोर्डावर उजेड पाडतो. आमच्याकडे त्याचा उपयोग सुईत दोरा ओवायला होतो.

माझा भाचा सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याचा लॅपटॉप इतका पातळ, की गेल्या दिवाळीत तो रद्दीच्या गठ्ठ्यात बांधला जाता जाता वाचला. भाचा घरी आला की माझ्या मशीनकडे बघून उसासा टाकतो.

"मामा, आता तरी नवीन घे ना."

"तुझ्यात रॅम किती आहे रे?"

"सोळा."

"वाढवता येते?"

"नाही. बोर्डावरच सोल्डर केलेली असते."

"आणि बॅटरी?"

"आत चिकटवलेली."

"एसएसडी तरी निघते का?"

"निघत असेल. पण उघडला तर वॉरंटी जाते."

"मग त्यातलं तुझं काय आहे?"

"ईएमआय," भाचा म्हणाला.

माझा लॅपटॉप उघडायला साधा चौफुलीचा स्क्रूड्रायव्हर पुरतो. कीबोर्ड काढायचे स्क्रू कुठले, ते तळाला चित्र काढून दाखवलेलं आहे. बॅटरी खिटी सरकवली की हातात येते. एवढंच नव्हे, तर कुठला भाग कुठल्या क्रमाने काढायचा, कुठला स्क्रू किती मिलिमीटर लांब आणि तो किती जोराने पिळायचा, हे सगळं सांगणारी पुस्तिका खुद्द कंपनीनेच सगळ्यांसाठी मोकळी ठेवली आहे. मी ती रात्री झोपताना वाचतो. तिच्यात पात्रं कमी आहेत, पण प्रत्येकाचं पुढे काय होतं ते सांगितलेलं आहे. अलीकडच्या पुष्कळ कादंबऱ्यांत एवढंही नसतं.

सुधारणेची सुरुवात हार्ड डिस्कपासून झाली. जुनी डिस्क ७२०० फेऱ्यांची, म्हणजे सेकंदाला १२० वेळा गरगर फिरणारी. एवढं फिरूनसुद्धा तिच्या काट्याला तबकडीवरची नेमकी जागा गाठायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, तिला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो. एका फायलीला हा फरक जाणवत नाही. पण मशीन सुरू होताना हजारो बारक्या फायली उघडाव्या लागतात आणि त्या दहा-पंधरा मिलिसेकंदांची मिनिटं होतात. पूर्वी मी बटण दाबून आंघोळीला जात असे. एसएसडी बसवल्यावर पंचा शोधेपर्यंत मशीन तयार.

याचे परिणाम वाईट झाले. माझा लेख उशिरा का, या प्रश्नाला "लॅपटॉप सुरू होतोय" हे माझं वर्षानुवर्षांचं उत्तर होतं आणि ते खरं असल्यामुळे मला ते सात्त्विक चेहऱ्याने देता येत असे. आता मशीन मिनिटभराच्या आत कोरं पान पुढे करून बसतं. कर्सर लुकलुकतो. मला सुचलेलं काही नसतं. संथ हार्ड डिस्क ही लेखकाची किती मोठी पाठराखीण होती, हे ती गेल्यावर कळतं. एसएसडी घेणाऱ्या साहित्यिकांना ही धोक्याची सूचना दुकानदार देत नाहीत, म्हणून मी देतो.

मग रॅम. मशीन आलं तेव्हा चार जीबी होती. कंपनीच्या कागदावर कमाल मर्यादा आठ. पण आतला कोअर आय५ प्रोसेसर सोळापर्यंत झेपवतो आणि दोन खाचांत आठ-आठच्या पट्ट्या बसवल्या तर मशीन मुकाट्याने सोळा दाखवतं. कागदावर आठ आणि प्रत्यक्षात सोळा असं आपल्याकडे सहसा होत नाही, उलटं होतं. म्हणून मला हा प्रकार फार हृद्य वाटला. पट्टी लागते डीडीआर३ जातीची. डीडीआर४ची चालत नाही. तिची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे ती आत शिरतच नाही.

ही पट्टी शोधायला मी लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर त्या नावाने विचारलंत तर लोक तुम्हाला डॉक्टरांचा दवाखाना शोधून देतील. पहिल्या दुकानातल्या मुलाने मशीन हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि आत बघून हाक मारली, "पप्पा, देखो क्या आया है!" पप्पा बाहेर आले. त्यांनी झाकण उघडून कीबोर्डावरून हात फिरवला, मधल्या, माउसचं काम करणाऱ्या लाल टोपीवर बोट टेकवलं आणि म्हणाले, "अंकल, बेचना मत." हे सांगितल्यावर त्यांनी पट्टीचा जो भाव लावला, तो माझ्या भावुकपणाचा अंदाज घेऊन लावला होता. चार दुकानं पुढे तीच पट्टी पाऊण भावात मिळाली. तिथे कोणी भावुक नव्हतं.

खरी झुंज पेटली ती डीव्हीडी ड्राइव्हवरून. या मॉडेलात ड्राइव्ह बाजूने सरकून अख्खा बाहेर येतो आणि त्या पोकळीत एक चौकट घालून दुसरी डिस्क बसवता येते. (अशा चौकटी साडेनऊ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडींच्या मिळतात. आपला ड्राइव्ह मोजूनच मागवावी.) म्हणजे काढलेली जुनी हार्ड डिस्क पुन्हा कामाला लागते. बेत बिनखर्चाचा आणि बिनचूक होता. मी तो जेवताना जाहीर केला.

"मग मुंजीची डीव्हीडी कशावर बघायची?" बायकोने विचारलं.

मुलाची मुंज होऊन इतकी वर्षं झाली की बटूला आता स्वतःचं टक्कल आहे. ती डीव्हीडी आणल्या दिवशी एकदा पाहिली, भटजींच्या पाठीमागे कोण कोण जेवून न भेटता गेलं याची नोंद झाली आणि विषय संपला. पण ड्राइव्ह जाणार म्हटल्यावर घराला एकदम तिची ओढ लागली. सासूबाईंना फोन गेला. त्यांनी नाशिकहून विरोध नोंदवला. शेवटी ठरलं, की एकदा सगळ्यांनी मिळून ती पाहायची आणि मग ड्राइव्ह काढायचा. आता डीव्हीडी सापडेना. शोकेस, माळा, दागिन्यांचा डबा, सगळं उपसलं. थकून मी ड्राइव्हच काढायला घेतला आणि सहज ट्रे उघडला, तर मुंज आत. गेली कित्येक वर्षं मशीन सुरू होताना ते जे "घूंऽऽ" करायचं, ते त्याचं वय नव्हतं. तो दरवेळी मंगलाष्टकं शोधत होता. डिस्क आत कोणी ठेवली याची चौकशी चालू आहे.

प्रोसेसर बदलायचा की नाही, यावर भाच्याशी चर्चा झाली. टी४२०चा प्रोसेसर खोबणीत बसवलेला असतो, त्यामुळे त्याच पिढीतला चार कोअरचा आय७ बसवणारे हौशी लोक आहेत. पण आत्ताचा ३५ वॅटचा आणि तो ४५ वॅटचा. जास्तीचे दहा वॅट उष्णता होऊन बाहेर पडणार, तेही माझ्या मांडीवर. शिवाय लेखाला दोन कोअर पुष्कळ होतात. माझ्या डोक्यात एकच आहे आणि तोही दुपारी बंद असतो. म्हणून आम्ही फक्त पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसली आणि मसुरीच्या दाण्याएवढी नवीन लावली. मशीन गार आणि गप्प झालं. ही सगळ्यात स्वस्त सुधारणा, आणि जाहिरात मात्र तिची कोणीच करत नाही.

वायफायचं प्रकरण निराळं. या पिढीच्या थिंकपॅडचं बायॉस म्हणजे आमच्या सोसायटीचा वॉचमन. त्याच्याकडे मान्य कार्डांची यादी असते. यादीतलं कार्ड असेल तर आत, नाहीतर १८०२ नंबरचा एरर दाखवून मशीन दारातच अडवतं. कार्ड कितीही खानदानी असो, वहीत नाव नाही म्हणजे नाही. बायॉस बदलून ही यादी उडवणारे महाभाग आहेत. मी यूएसबीत बसणारा नखाएवढा वायफायचा खडा लावला आणि वॉचमनला त्याच्या वहीसकट सोडून दिलं.

पडद्याबद्दल बोलायचं तर १३६६ बाय ७६८. टीएन जातीचा. समोर बसलं तर ठीक. जरा बाजूला सरकलं की माणसांचे चेहरे निगेटिव्हसारखे दिसू लागतात. मुंजीच्या सिनेमाला सगळ्यांना एकामागे एक, आगगाडी करून बसावं लागलं. उलट, लोकलमध्ये शेजारचा माणूस माझा लेख वाचू शकत नाही. मराठी लेखकाला ही भीती बाळगायचं कारण नाही हे मला कळतं, पण सोय ती सोय.

आणि बाजूला व्हीजीएचं निळं, पंधरा भोकांचं सॉकेट. हे सॉकेट आयबीएमनेच १९८७ साली आपल्या पीएस/२ संगणकांबरोबर आणलं. भाचा त्याला "उत्खनन" म्हणतो. गणपतीत आमच्या सोसायटीत जुन्या फोटोंचा कार्यक्रम होता. फोटो भाच्याच्या लॅपटॉपमध्ये, आणि त्या लॅपटॉपला दोन बारकी छिद्रं. हॉलचा प्रोजेक्टर सोसायटीने घेतला तेव्हा चेअरमन वेगळे होते. त्याला फक्त व्हीजीए कळतं. अडॅप्टर भाच्याच्या घरी, ठाण्याला. कमिटी हवालदिल, आरती तोंडावर. मी काही न बोलता घरी गेलो आणि लोणच्याची बरणी बाजूला करून मशीन उचललं. केबल लावली, स्क्रू पिळले, भिंतीवर १९९४ सालची सोसायटी उमटली. भाचा प्रसाद वाटायला निघून गेला.

आता उरला विंडोजचा प्रश्न. विंडोज ११ला निदान आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. माझा प्रोसेसर दुसऱ्या पिढीतला, टीपीएम १.२. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. या एका तारखेपायी जगभर धडधाकट मशीनं भंगाराच्या दाराशी उभी राहिली. त्यांतल्या किती जणांची कामं माझ्यासारखीच, लिहिणं-वाचणं आणि वीजबिल भरण्यापलीकडची नसतील! मी लिनक्स मिंट घातलं. ते फुकट आहे, या मशीनवर सुरेख पळतं, आणि मराठी इनस्क्रिप्ट त्यात तयारच असतं. बायकोने दोन दिवस नाक मुरडलं. मग ब्राउझर तोच आहे हे दिसल्यावर तिने दुसरा मुद्दा काढला. तो लॅपटॉपबद्दल नसल्यामुळे इथे देत नाही.

तुमच्या कपाटात असा जुना, स्क्रूने उघडणारा लॅपटॉप पडून असेल तर क्रम सांगतो. आधी एसएसडी, मग रॅम, मग पंख्याची धूळ आणि नवी पेस्ट. त्यापुढचा प्रत्येक रुपया हौसेचा धरावा आणि घरात त्याची पावती दाखवू नये. चुकून विकायचा किंवा भंगारात द्यायचाच ठरलं, तर हार्ड डिस्क काढून घ्या, आणि डीव्हीडीचा ट्रे एकदा उघडून बघा.