गुरुजींचा डावा पाय

नोकरीत असताना मुख्यालयी राहायचं नाही आणि निवृत्त झाल्यावर हौसेने तिथेच राहायला यायचं, अशा दुर्मीळ जातीचे आमचे गुरुजी. हरसूलच्या आसपासच्या पाड्यांवर, जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांनी उभी हयात काढली, पण दिवसाची. रात्री नाशिकला. सकाळी गिरणारे, वाघेरा घाट, हरसूल. संध्याकाळी हेच उलटं. मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव त्यांना दरवर्षी कसा मिळायचा, हे विचारण्यात अर्थ नाही. ग्रामसभेतली निम्मी माणसं त्यांचेच विद्यार्थी. अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-श्रीफळ घेऊन ते बाहेर पडले, नाशिकचा फ्लॅट भाड्याने दिला आणि हरसूलच्या वडिलोपार्जित घरात राहायला आले. हरसूलला येण्याचं कारण ज्या दिवशी संपलं, त्याच दिवशी माणूस हरसूलकर झाला.

या अपडाऊनने त्यांचा डावा गुडघा खाल्ला. चौघा गुरुजींनी मिळून एक जुनी डिझेल गाडी घेतलेली. तिचा क्लच दाबायला पैलवानच हवा. बाकीचे तिघे गिरणारे सुटलं की डुलक्या काढायचे, त्यामुळे स्टिअरिंग कायम यांच्याच गळ्यात. वाघेरा घाटात दुसरा-पहिला, पहिला-दुसरा करत इतकी वर्षं गेली. शेवटी डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, आता या पायाला क्लच नको." पुण्याच्या मुलाने फोनवर फर्मान काढलं, "बाबा, ऑटोमॅटिक घ्या." तेव्हा क्लचची गरज संपल्यावर क्लच नसलेली गाडी आली.

ऑटोमॅटिक मुलाच्या सांगण्यावरून घेतली, पण डिझेल हा गुरुजींचा स्वतःचा हट्ट. "पेट्रोलची गाडी घाटात रडते" हे त्यांचं जुनं मत, आणि गुरुजींचं मत एकदा फळ्यावर लिहिलं की पुसलं जात नाही. कुणी म्हणालं, डिझेलचं आता काही खरं नाही, १ एप्रिल २०२० ला बीएस सहा आलं आणि मारुतीने तर डिझेल सोडूनच दिलं. गुरुजी म्हणाले, "मारुतीचा गुडघा दुखत नाही." या उत्तराचा अर्थ अजून कुणाला लागलेला नाही. शोरूममधल्या पोराने नियमाप्रमाणे विचारलं, "रोजचं रनिंग किती होईल, सर?" गुरुजी सवयीने बोलून गेले, "शंभर किलोमीटर." आयुष्यभर तेच खरं होतं. आता खरं रनिंग म्हणजे घर ते बसस्टँड, तिथून कृषी सेवा केंद्र, आणि तिथून वळसा घालून घर. पुढचं सगळं रामायण या एका वाक्यात आहे.

गाडी आली त्या आठवड्यात गावाला पहिला प्रश्न पडला तो क्लचशिवाय गियर पडतो कसा. प्रश्न विचारला आणि गुरुजींनी उत्तर दिलं नाही, असं कधी झालेलं नाही. त्यांनी पडवीत दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवले. एकाची वायर बोर्डात, दुसऱ्याची मोकळी. "हा इंजिन. हा गिअरबॉक्स. मधे हवेऐवजी तेल आहे असं समजा. याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात." बटण दाबलं. पहिला पंखा गरगरला आणि त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पाती हळूहळू फिरायला लागली. मंडळी थक्क. इतक्यात लाइट गेली. पहिला थांबला, दुसरा थांबला. मागून एक पोरगं म्हणालं, "म्हंजे लाइट गेली का गाडी बंद?" हरसूलमध्ये लाइट किती वेळा जाते ते सगळ्यांना माहीत. गाडीची पहिली बदनामी तिथे झाली.

दुसरी पावसात झाली. इकडचा पाऊस म्हणजे एकदा बसला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. गाडी तशीच उभी राहिली, बॅटरी उतरली. सकाळी बटण दाबलं तर नुसतं टक-टक. शेजारची पोरं मदतीला धावली. गाडीला धक्का मारणे हा आमच्याकडे वाहतुकीचाच एक भाग आहे. दहाबारा जण मागे लागले, बाह्या सरसावल्या, "चला गुर्जी, दुसऱ्यात टाका, सोडा!" गुरुजी खिडकीतून हात हलवत, "नाही नाही, ही धक्क्याने चालू होत नाही." एकदम शांतता. ट्रॅक्टर धक्क्याने चालू होतो, पिकअप होते, काळीपिवळी तर रोज सकाळी होतेच. इंजिन बंद असलं की त्या दोन पंख्यांमधलं तेल चाकाचा जोर इंजिनापर्यंत नेत नाही, हे गुरुजींनी भिजत भिजत समजावलं. पोरं एकमेकांकडे बघत होती. त्यातला एक शेवटी बोलला, "मंग लई शिकलेली गाडी हाय." शेवटी पिकअपच्या बॅटरीला केबल जोडून ती शिकलेली गाडी सुरू झाली.

गाडी दुसऱ्याच्या हातात न देण्याचा नियम मात्र काळीपिवळीच्या ड्रायव्हरमुळे झाला. पंचवीस वर्षं नाशिक-हरसूल मारलेला माणूस. एकदा गुरुजींची कंबर धरली, म्हणून तो चालवायला बसला. मागे गुरुजी, त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या बाई, आणि मी. पेठेत समोर बैल आला. ड्रायव्हरने उजवा पाय उचलला आणि पंचवीस वर्षांच्या इमानाने डावा पाय क्लचवर खाडकन मारला. या गाडीत तिथपर्यंत ब्रेकचा पाटा रुंद केलेला असतो. गाडी जागच्या जागी खिळली. बाईंच्या मांडीवरचा तांदळाचा डबा पुढे जाऊन काचेवर फुटला. बैलसुद्धा दचकून मागे सरकला. ड्रायव्हर खाली उतरला, गाडीला नमस्कार केला आणि म्हणाला, "गुर्जी, मी चालत येतो." तेव्हापासून गुरुजी गाडीत बसले की आधी डावा पाय सीटखाली दुमडून घेतात. हा पाय आता पेन्शनवर आहे, असं ते सांगतात.

घाट मात्र गुरुजींनी नव्याने शिकून घेतला, आणि इथे त्यांना मानावं लागेल. आमच्याकडच्या ड्रायव्हर लोकांचा नियम, ज्या गियरमध्ये चढलात त्याच गियरमध्ये उतरा. गाडीला हा नियम ठाऊक नाही. डीमध्ये टाकून उतार सोडला की ती आपली वरचे वरचे गियर टाकते, इंजिन गाडीला धरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पहिल्यांदा वाघेरा उतरताना खाली पोचेपर्यंत ब्रेकचा जळका वास डोक्यात गेला. आता गुरुजी घाटाच्या तोंडाशी दांडा मॅन्युअलकडे ढकलतात, दुसरा लावतात आणि पाय मोकळा ठेवून उतरतात. बरोबरच्याला हे समजावून सांगेपर्यंत घाट संपतो, हा एकच दोष.

मग युरियाचं प्रकरण. हल्लीच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत धूर धुवायला युरियाचं पाणी लागतं. साडेबत्तीस टक्के युरिया, बाकी शुद्ध केलेलं पाणी. वेगळी टाकी, निळं झाकण. ती टाकी कोरडी पडली तर गाडी पुन्हा सुरूच होत नाही. स्क्रीनवर सूचना आली तेव्हा भाताची आवणी नुकतीच झालेली आणि कृषी सेवा केंद्रापुढे युरियासाठी रांग. गुरुजी बाहेर गाडी लावून आत डोकावले आणि सवयीप्रमाणे खणखणीत आवाजात दुकानदाराला विचारलं, "गाडीसाठी युरिया आहे का?" रांग वळली. ४५ किलोची गोणी मिळेना, मिळाली तर सोबत नको ते औषध गळ्यात मारतात, आणि हा पेन्शनर गाडीला युरिया घालतो! गुरुजींनी तिथेच खुलासा सुरू केला, पण भाताच्या वेळी रसायनशास्त्र कोण ऐकतं. एका जुन्या विद्यार्थ्याला मात्र दया आली. संध्याकाळी तो घरी आला, पिशवीतून दोन किलो युरिया काढून ओट्यावर ठेवला आणि हळूच म्हणाला, "पाण्यात कालवून घाला गुर्जी, कुणाला सांगू नका." हे असलं काही टाकीत घातलं की हजारोंचा खर्च येतो, हे गुरुजींना ठाऊक होतं. तरी त्यांनी तो युरिया मुकाट्याने घेतला. परसातल्या वांग्यांना त्या वर्षी बहर आला. गाडीच्या युरियाचा डबा नाशिकहून आणला.

आता डीपीएफ. डिझेलच्या धुरातली काजळी बाहेर जाऊ नये म्हणून सायलेन्सरच्या वाटेवर मातीच्या जाळीसारखा एक फिल्टर असतो. काजळी त्यात साठते, आणि पुरेशी साठली की गाडी स्वतःच थोडं जास्तीचं डिझेल सोडून, फिल्टर सहाशे अंशांच्या घरात तापवून ती जाळून टाकते. उत्तम योजना आहे. फक्त त्यासाठी गाडी सलग आणि बऱ्यापैकी वेगात पळावी लागते. गुरुजींची गाडी घरातून निघते आणि अंगात ऊब यायच्या आत कृषी केंद्रापुढे थांबते. व्हायचं ते झालं. तिसऱ्या महिन्यात काट्यांच्या मधोमध पिवळा दिवा लागला. पुस्तकात लिहिलेलं, ताशी ६० च्या वर वीस मिनिटं चालवा. हरसूलमधून कुठल्याही दिशेला ६० च्या वेगाने वीस मिनिटं जायचं म्हणजे आधी वळण आडवं येतं, मग खड्डा, मग शेळ्या, मग एसटी, आणि शेवटी ओळखीचा माणूस.

गावाने निदान केलं, गुर्जींच्या गाडीला पोटफुगी. बाई त्याच्याही पुढे. "मुलं लहान होती तेव्हा यांना एरंडेलाचा चमचा कुठे असतो ते ठाऊक नव्हतं. आता गाडीचं पोट साफ करायला पहाटे उठतात." उठतात खरेच. दिवा लागला की गुरुजी पहाटे चहा घेऊन निघतात, घाट पार करून गिरणाऱ्याकडे सपाटीला लागतात आणि मग नाशिक ओलांडून मुंबई-आग्रा महामार्ग गाठतात. एकट्याने जाणं त्यांच्या जिवावर येतं, म्हणून आदल्या दिवशी पेठेत हाळी देतात, "उद्या नाशिकला कुणी येतं का?" फुकटची गाडी, वर एसी. तरी जाणकार लोक दोनदा विचार करतात. कारण काजळी जळायला लागली की गुरुजी वाटेत थांबत नाहीत.

हे एका आजीबाईंना ठाऊक नव्हतं. त्यांना गिरणाऱ्याला लेकीकडे जायचं होतं. मांडीवर नागलीच्या पिठाचं गाठोडं. घाट संपला, टोमॅटोच्या मळ्यांमधून गाडीने वेग घेतला, आणि गुरुजी ताठ बसले; त्यांना आवाजावरून कळतं. गिरणारे आलं, मजुरांचा अड्डा आला, गेलं.

"गुर्जी, माझं गाव गेलं ना मागं."

"आजी, मधे थांबलं तर सगळं अर्धवट राहतं."

"काय अर्धवट?"

"काजळी जळतेय गाडीच्या पोटात."

आजींनी थोडा विचार केला. "मंग जळू द्या. लेक काय कुठं पळून जाते?"

विल्होळी मागे पडली तेव्हा दिवा विझला. पण महामार्ग मोकळा होता, गाडी हलकी झाल्यासारखी पळत होती आणि गुरुजींचा जीवही हलका झालेला. इथवर आलोच आहोत तर म्हणून त्यांनी आजींना इगतपुरीला घाटनदेवीचं दर्शन घडवलं, भजी खाऊ घातली आणि दुपारी गिरणाऱ्याला लेकीच्या दारात सोडलं. आजींनी ही गोष्ट पाड्यापाड्यावर सांगितली. तेव्हापासून चित्र पालटलं. लोक आता वाटेत गाठून विचारतात, "गुर्जी, लाइट कधी लागंल?" चैत्रात लागली तर वणीला गडावर जाता येईल, असा काहींचा हिशेब आहे. एकाने तर दिवा लवकर लागावा म्हणून गुरुजींना रोज संध्याकाळी चौकापर्यंत गाडी नेण्याचा सल्ला दिला.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तेव्हा हरसूलमध्ये सर्वांत जास्त आनंद कुणाला झाला असेल हे सांगायला नको. नागपूरपासून मुंबईच्या वेशीपर्यंत ७०१ किलोमीटर, कारला १२० ची मुभा, शेळ्या नाहीत, ओळखीचा माणूस नाही. सरकारने एवढा खर्च कशासाठी केला याबद्दल लोक काहीबाही बोलतात. गुरुजींना शंका नाही. त्र्यंबकवरून घोटीला जायचं आणि तिकडून वर चढायचं. परत आले की डायरी काढतात. शाळेतल्या हजेरीपटासारख्याच रेघा मारलेल्या आहेत: तारीख, किलोमीटर, डिझेल, ॲव्हरेज, शेरा. काजळी जाळण्याच्या दिवशी ॲव्हरेज पडतो, त्यापुढे शेरा असतो, 'आजारी'. नापास कधीच लिहीत नाहीत. चाळीस पोरांच्या वर्गात जी माया त्यांनी हात राखून वाटली, ती सगळी आता या एकटीच्या वाट्याला आली आहे, असं माझं मत. बाईंचंही तेच आहे, पण त्यांचे शब्द छापण्यासारखे नाहीत.

परवा किराणा दुकानदाराचा मुलगा पडवीत येऊन बसला. त्याला गाडी घ्यायची होती. मला वाटलं, गुरुजी आता बॅटरी, युरिया, दिवा सगळं सांगून पोराला वाचवतील. गुरुजींनी चष्मा पुसला.

"डिझेल ऑटोमॅटिकच घे."

"पण गुर्जी, माझं रनिंग काहीच नाही. घर ते दुकान."

"मग तर घेच," गुरुजी खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "फक्त तुझी लाइट लागली की मला कळव. दोन्ही गाड्या एकाच दिवशी काढू. जाताना तुझ्यात पाच माणसं, माझ्यात पाच. आणि हे बघ, गिरणाऱ्याची सवारी तू घ्यायची."